विशेष शाळेतील वर्गरचना : गुंतागुंतीच्या शारीरिक गरजा असलेली मुले

बसायला, उभे राहायला, गिळायला, बोलायला किंवा शौचाला जायला ज्यांना दुसऱ्याचा हात लागतो अशा मुलांच्या शाळेत कोणी कोणत्या वर्गात बसायचे, वर्गात मोठी माणसे किती व कोणती हवीत, खोलीत काय कुठे ठेवायचे आणि दिवस कसा वाटायचा याची आखणी. सर्वसाधारण शाळेत इयत्ता, तुकडी आणि बाक हे जूनमध्ये एकदा ठरले की वर्षभर पाहावे लागत नाही. येथे एक मदतनीस मावशी रजेवर गेली तरी त्या सकाळी वर्ग नव्याने मांडावा लागतो.

या शाळांत सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूच्या पक्षाघाताची मुले सर्वांत जास्त असतात. मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू झिजत जाणे), स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळणे) आणि इतर काही आनुवंशिक आजारांची मुलेही असतात. अनेकांना आकडी येते, काहींना नळीवाटे अन्न द्यावे लागते, काहींना ऐकू किंवा दिसायला कमी असते. ‘गुंतागुंतीच्या’ हा शब्द याच सरमिसळीसाठी आहे. एकट्या पायाला कॅलिपर असलेले मूल या नोंदीत मोडत नाही, त्याची जागा शेजारच्या शाळेतच आहे.

निदानावरून वर्ग पाडणे ही सर्वांत सोपी आणि बहुधा सर्वांत निरुपयोगी रीत. सेरेब्रल पाल्सी या एकाच नावाखाली जरा लंगडत मैदानभर पळणारा मुलगा येतो आणि मान न सावरणारी मुलगीही येते. ही तफावत मोजण्यासाठी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये स्थूल हालचालींची पाच पातळ्यांची वर्गवारी मांडली. पहिल्या पातळीवरचे मूल जिना चढते. पाचवीवरच्या मुलाला मान व धड सावरण्यासाठीही आधार लागतो आणि खुर्ची दुसऱ्याने ढकलावी लागते. २००६ मध्ये हातांच्या वापरासाठी तशीच पाच पातळ्यांची दुसरी वर्गवारी आली. वर्गरचनेला या दोन्हींचा मोठा उपयोग होतो, पण तो कोणत्या खोलीत किती हात लागतील हे ठरवण्यापुरता. मुलाला काय समजते ते त्यातून कळत नाही. पाचव्या पातळीवरचे, एकही शब्द न बोलणारे मूल सगळी गोष्ट समजून हसते आणि बालवाडीच्या गाण्यांना कंटाळून मान फिरवते, हा अनुभव अशा शाळांत नवा नाही. हालचालींवर ताबा नसलेल्या, ज्याला डिस्किनेटिक म्हणतात त्या प्रकारात तर बुद्धी बऱ्याचदा शाबूत असते; अडते ते हात आणि जीभ.

म्हणून बहुतेक शाळा आधी वयाचे गट करतात : पूर्वप्राथमिक, प्राथमिक, माध्यमिक, व्यवसायपूर्व. त्यानंतर वाचन, गणित, संवाद अशा तासांना मुले फिरवून वेगळे गट पाडतात. चौदा वर्षांच्या मुलाला ‘अजून अक्षरे येत नाहीत’ म्हणून पाच वर्षांच्या मुलांत बसवणे सोयीचे असते, पण त्याने त्याचा अपमान होतो. अक्षरे शिकायचीच असतील तर ती त्याच्या वयाच्या मजकुरातून, म्हणजे क्रिकेटच्या धावफलकावरून किंवा बसच्या पाट्यांवरून शिकता येतात.

सर्वांत जास्त परावलंबी मुलांचा वेगळा वर्ग करावा की त्यांना सगळ्या वर्गांत विखरावे, हा वाद जुना आहे. इंग्लंड व वेल्समध्ये १९७० च्या कायद्यापर्यंत अशी अनेक मुले ‘शिक्षणास अपात्र’ धरली जात आणि आरोग्य खात्याकडे असत. एप्रिल १९७१ पासून ती शिक्षण खात्याकडे आली आणि शाळांनी त्यांच्यासाठी विशेष देखभालीचे वर्ग काढले. वेगळ्या वर्गाच्या बाजूने कारणे खरी आहेत : साधने एका जागी राहतात, शिकलेले हात एकत्र मिळतात, गोंगाट कमी असतो. पण असा वर्ग सहसा इमारतीच्या टोकाला, स्वच्छतागृहालगत असतो आणि पाहुण्यांना शेवटी दाखवतात. त्याहून मोठा तोटा संवादाचा. न बोलणारी आठ मुले एकत्र बसवली तर बोलणे फक्त मोठ्यांचे उरते. हजेरी व सकाळची गाणी मिश्र वर्गात आणि शरीराच्या कामाचे तास वेगळ्या खोलीत, हा मधला मार्ग त्यामुळे अधिक चालतो.

खोलीची मांडणी चाकांवरून ठरते. भारतातील सुगम्यतेच्या मानकांनुसार चाकाची खुर्ची पूर्ण वळायला १५०० मिलिमीटर मोकळी जागा लागते आणि उताराचे प्रमाण १:१२ धरतात. प्रत्यक्षात जागा खातात ती शरीराला आधार देणारी साधने : स्टँडिंग फ्रेम (आधाराने उभे करण्याची चौकट), सीपी चेअर (सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची आधाराची खुर्ची), कॉर्नर सीट (कोपऱ्यासारख्या पाठीची बैठक), वेज (पालथे झोपवण्याची उतरती गादी), बोलस्टर (लोड). प्रत्येक मुलाची दोन-तीन असतात. फळा भिंतीवर उंच टांगला तर पालथ्या मुलाला तो दिसत नाही. म्हणून काही वर्गांत दोन फळे असतात, एक जमिनीलगत.

वेळापत्रकाचा हिशेब शिक्षकाआधी मावशीला कळतो. समजा वर्गात आठ मुले आहेत आणि पाच जणांना उचलून स्वच्छतागृहात न्यावे लागते. दर खेपेला दोन माणसे व पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. म्हणजे अडीच तास दोन माणसे वर्गाबाहेर. त्यात डबा आला. गिळण्याचा त्रास असलेल्या मुलाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, मऊ खिचडी चमच्याचमच्याने भरवायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि नंतर लगेच आडवे करता येत नाही. हा सगळा वेळ ‘अभ्यास बुडाला’ म्हणून लिहिणाऱ्या शाळेत अभ्यास कधीच पुरा होत नाही. जाणत्या शाळा तो तासच धरतात. ‘आणखी हवे की पुरे’ हे डोळ्यांनी सांगणे जेवणाच्या ताटासमोर जितके लवकर शिकता येते तितके चित्रांच्या तक्त्यासमोर येत नाही, म्हणून वाचाउपचारतज्ज्ञाची जागा त्या वेळी जेवणाच्या टेबलाशी असते.

उपचारासाठी मुलाला तासातून उठवून नेण्याची पद्धत अजून रूढ आहे. फिजिओथेरपिस्टच्या सोयीने गणिताचा तासच दरवेळी बुडतो ही शिक्षकांची तक्रार सगळीकडे ऐकू येते. उपचार वर्गातच आणायचा तर गोष्ट ऐकताना कॉर्नर सीट आणि गाण्याच्या वेळी स्टँडिंग फ्रेम, अशी सांगड घालतात. एक पथ्य मात्र पाळावे लागते : अवघड पाठ आणि अवघड बैठक एकाच वेळी देऊ नये. मान सावरण्यात सगळे बळ जात असताना वजाबाकी डोक्यात शिरत नाही.

मोठ्यांच्या कामाची वाटणी हा वर्गरचनेचा गाभा. १९८० च्या सुमारास वेल्समध्ये प्रौढ दिव्यांगांच्या दिवसकेंद्रात वापरलेली ‘रूम मॅनेजमेंट’ ही रीत पुढे शाळांनी उचलली. त्यात खोलीतील तिघांना तीन ठरलेली कामे असतात : एकीने गट चालता ठेवायचा, एकीने एका वेळी एकाच मुलाजवळ बसून शिकवायचे, तिसरीने स्वच्छतागृह, सांडलवंड, दारावरचा पाहुणा आणि आलेली आकडी सांभाळायची. ठरावीक वेळाने कामे बदलतात. वाटणी नसेल तर तिघीही रडणाऱ्या मुलाकडे धावतात आणि शांत मूल तासभर भिंतीकडे पाहत राहते. बदली माणसासाठी खुर्चीमागे कागद लावतात : पट्टे कोणत्या क्रमाने बांधायचे, घोट केवढा, ‘हो’ कसे सांगतो.

याच्या अगदी उलट रचना हंगेरीत झाली. बुडापेस्टमध्ये आंद्राश पेतो (१८९३–१९६७) यांनी शिक्षक, उपचारक, मदतनीस ही विभागणीच मोडली आणि सर्व कामे करणारी एकच ‘कंडक्टर’ नेमली. सारख्या अडचणींची मुले एका गटात, लाकडी फळ्यांचे पलंग, शिडीसारख्या पाठीच्या खुर्च्या. ‘मी हात वर करतो’ म्हणत एक ते पाच मोजत सगळ्यांनी मिळून हालचाल करायची. १९८६ च्या बीबीसी माहितीपटानंतर अनेक ब्रिटिश कुटुंबे मुलांना घेऊन तेथे गेली. १९९० च्या दशकात बर्मिंगहॅममध्ये झालेल्या तुलनेत या मुलांची प्रगती नेहमीच्या विशेष शाळांतील मुलांहून सरस दिसली नाही. तरी गटाच्या तालात शरीर हलवण्याची कल्पना टिकली. आपल्याकडच्या अनेक वर्गांत सकाळचा पहिला तास तसाच होतो.

मुंबईत मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी योग्य शाळा न मिळाल्याने १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. शिक्षण आणि उपचार एकाच छताखाली आणणारी भारतातील ही पहिल्या प्रयत्नांपैकी एक. ही संस्था पुढे ‘अडॅप्ट’ झाली आणि तिचा कल मुलांना सर्वसाधारण शाळेत पाठवण्याकडे वळला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वयाच्या, ठरलेल्या टक्केवारीपुढील दिव्यांगत्व असलेल्या मुलाला शेजारची शाळा किंवा पसंतीची विशेष शाळा यांत निवड दिली. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने बहुविध वा तीव्र दिव्यांगत्वाच्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. शाळेला वर्ग जमला नाही की हाच पर्याय पालकांना सुचवला जातो, हे त्याचे दुसरे अंग. सर्वसाधारण शाळांसाठी २०२२ मध्ये विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिकला विशेष गरजांच्या दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरामागे एक असे ठरले. या प्रमाणात मावश्या मोजलेल्या नाहीत.

वर्ग वरचा होतो तशी मुलांची वजने वाढतात. सहा वर्षांच्या मुलाला एकटी मावशी कडेवर घेते. तेराव्या वर्षी त्याच मुलाला दोघांनी उचलावे लागते, नाहीतर उचलयंत्र लागते. ड्यूशेन या प्रकारच्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे मुलगे याच सुमारास चालणे गमावतात, तेव्हा काल चालत येणाऱ्याची जागा वर्षभरात खुर्चीच्या रांगेत हलते. मुलगी मोठी झाली की तिच्या खोलीत स्त्री मदतनीस असायलाच हवी. त्यामुळे पुष्कळ शाळांत माध्यमिक वर्गात किती मुले घ्यायची हे शिक्षकांच्या संख्येवर ठरत नाही, उचलू शकणाऱ्या माणसांवर ठरते.