नवागत विद्यार्थ्यांसाठी संघबांधणी उपक्रम

विद्यापीठात नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची ओरिएंटेशनच्या दिवसांत एकमेकांशी ओळख व्हावी आणि मिळून काम करण्याची सवय लागावी, म्हणून घेतले जाणारे खेळ, कोडी व सामूहिक कामे. साधारणपणे आठ-बारा जणांचा एक गट करतात व त्याच्यासोबत वरच्या वर्गातला एक विद्यार्थी देतात.

या उपक्रमांचा बराचसा वारसा मैदानी शिक्षणातून आला आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या पुढाकाराने १९४१ मध्ये वेल्समध्ये ‘आउटवर्ड बाउंड’ ही शाळा सुरू झाली. समुद्र आणि डोंगर यांच्या सहवासात, अडचणींना एकत्र तोंड देत तरुण घडावेत, ही त्यामागची धारणा. अमेरिकेत १९७१ पासून ‘प्रोजेक्ट अ‍ॅडव्हेंचर’ या शैक्षणिक उपक्रमाने हीच पद्धत शाळेच्या आवारात आणली. विद्यापीठांना तिची गरज का वाटावी, याचे उत्तर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांच्या १९७५ च्या मांडणीत सापडते: विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडतो की टिकतो, हे अभ्यासाइतकेच तो तिथल्या माणसांत किती मिसळला यावरही अवलंबून असते.

सर्वांत सोपे उपक्रम ओळखीचे. नाव सांगताना आधीच्या सर्वांची नावे म्हणून दाखवणे, किंवा जोडीदाराची माहिती काढून ती गटापुढे मांडणे. यांनी संकोच कमी होतो, पण संघ तयार होत नाही. त्यासाठी एकट्याने न होणारे काम लागते. मार्शमॅलोचा (मऊ, फुगीर मिठाईचा) मनोरा हा त्याचा प्रसिद्ध नमुना. स्पॅगेटीच्या (लांब इटालियन शेवयांच्या) वीस कच्च्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा आणि एक मार्शमॅलो एवढ्या सामानात अठरा मिनिटांत स्वतःच्या आधारावर उभा राहणारा, शक्य तितका उंच मनोरा रचायचा. मार्शमॅलो टोकावर हवा. अनेक गट बराच वेळ आखणीत घालवतात, शेवटच्या क्षणी मार्शमॅलो ठेवतात आणि डोलारा कोसळतो. खरे शिक्षण इथून पुढे सुरू होते: कोणाची सूचना ऐकली गेली, कोण गप्प राहिले, आधी करून का पाहिले नाही? ही चर्चा वेळ नाही म्हणून गाळणे ही आयोजकांची सर्वांत महाग चूक होय, कारण त्यानंतर हाती उरते ती फक्त करमणूक.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे जुळणी, खटके, घडी बसणे आणि कार्यक्षमता असे चार टप्पे सांगितले. दोन-तीन दिवसांच्या ओरिएंटेशनमध्ये गट अनेकदा पहिल्याच टप्प्यावर असतो. खटके पुढे प्रकल्पात किंवा वसतिगृहात उडतात. म्हणून तेच गट पहिल्या सत्रातही कायम ठेवणे शहाणपणाचे.

सहभाग ऐच्छिक असणे ही अट मात्र सैल करता येत नाही. एकमेकांचे हात धरून झालेली हातांची गाठ सोडवण्यासारख्या खेळात अंगाला स्पर्श होतो, डोळे बांधून चालण्यात काहींना भीती वाटते, खाजगी गोष्टी सर्वांसमोर सांगायला लावणे अनेकांना जाचक होते. व्हीलचेअर वापरणाऱ्याला किंवा ऐकू न येणाऱ्याला भाग घेता येईल असाच खेळ आधीपासून निवडावा लागतो. ऐनवेळी त्याला गुण मोजायला बसवणे म्हणजे पहिल्याच दिवशी बाहेर ठेवणे. नकार देणाऱ्याची खिल्ली उडवली किंवा ज्येष्ठ विद्यार्थी हुकूम सोडू लागले, की तो प्रकार रॅगिंगच्या हद्दीत जातो.