दाफ्ने वर्गाच्या पाणबुड्या : लहान आकार, कमी आवाज आणि 1971 ची ती रात्र

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे 40 सागरी मैलांवर भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने डागलेल्या पाणतीरामुळे (टॉर्पेडोमुळे) बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्याबरोबर गेले. बुडत्या नौकेवरच राहिलेले तिचे कप्तान कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. त्यांच्या धैर्याविषयी आपल्याकडे आदराने लिहिले जाते, आणि ते लिहिले जायलाच हवे. मात्र ज्या पाणबुडीने हा घात केला ती कशी बांधलेली होती आणि पाणबुड्या शोधण्यासाठीच बनवलेल्या नौकेला ती का सापडली नाही, हे समजून घेतल्याशिवाय त्या रात्रीचे चित्र अपुरे राहते.

‘हंगोर’ ही फ्रेंच आराखड्याच्या ‘दाफ्ने’ वर्गातील पाणबुडी होती. फ्रान्सने स्वतःसाठी अशा 11 पाणबुड्या बांधल्या. स्पेन आणि पोर्तुगालने प्रत्येकी 4, तर पाकिस्तान आणि दक्षिण आफ्रिकेने प्रत्येकी 3 घेतल्या. लांबी जेमतेम 58 मीटर, पृष्ठभागावर असताना वजन 869 टन आणि पाण्याखाली 1043 टन. त्याच काळात भारताकडे असलेल्या सोव्हिएत ‘फॉक्सट्रॉट’ पाणबुड्या 90 मीटरहून लांब आणि वजनाने दुपटीहून अधिक होत्या. दाफ्नेचा पृष्ठभागावरचा वेग साडेतेरा नॉट (तासाला तितके सागरी मैल) होता, तर पाण्याखालचा 16 नॉट. दुसऱ्या महायुद्धातील बहुतेक पाणबुड्यांच्या बाबतीत हे प्रमाण नेमके उलटे असे, कारण त्या मुळात पृष्ठभागावर चालणाऱ्या आणि प्रसंगी बुडी मारणाऱ्या नौका होत्या. दाफ्नेचा बाह्य आकार पाण्याखाली चालण्यासाठीच घडवलेला होता. तिच्यात पाणतीरांच्या 12 नळ्या होत्या, 8 पुढे आणि 4 मागे. मात्र जादा पाणतीर ठेवायला आत जागा नव्हती, त्यामुळे नळीतला पाणतीर सुटला की ती नळी बंदरात परतेपर्यंत रिकामीच राही. इतकी काटकसर करून आराखडाकारांनी जे मिळवले ते म्हणजे लहान आकार आणि कमी आवाज.

पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही आणि रडारच्या लहरी तर जवळजवळ शिरतच नाहीत, म्हणून समुद्राखालचा सगळा शोध ध्वनीवर चालतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो. पाणबुडी शोधणारी नौका सोनारमधून ध्वनीचा स्पंद सोडते आणि पाणबुडीवर आदळून परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहते. यात शोधणाऱ्याच्या विरोधात जाणारी एक गोष्ट निसर्गनियमातच दडलेली आहे. सगळीकडे पसरत जाणाऱ्या ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे अंतर दुप्पट झाले तर पाणबुडीपर्यंत पोहोचणारा आवाज एक चतुर्थांश उरतो. प्रतिध्वनीला मात्र जाताना आणि येताना असा दोनदा मार खावा लागतो, त्यामुळे नौकेच्या कानी येणारा ध्वनी एक षोडशांशच राहतो. परिणामी, नौकेला पाणबुडीचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी पाणबुडीला नौकेचा स्पंद स्वच्छ ऐकू येतो. त्यात नौकेच्या यंत्रांचा, पंख्याचा आणि तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज मिसळतो. बॅटरीवर मंद गतीने सरकणाऱ्या लहान पाणबुडीचा स्वतःचा आवाज त्या तुलनेत नगण्य असतो.

समुद्राच्या पाण्याचे थरही पाणबुडीच्या मदतीला येतात. वरचे पाणी उबदार आणि खालचे थंड असेल तर ध्वनीची वाट थंड पाण्याकडे, म्हणजे जिथे त्याचा वेग कमी आहे तिकडे वळते, आणि काही भागांत सोनारची जणू सावली पडते. शिवाय उथळ समुद्रात तळावरून उठणारे असंख्य प्रतिध्वनी खऱ्या प्रतिध्वनीला झाकून टाकतात.

युद्ध सुरू होण्याच्या आधीच ‘हंगोर’ मुंबईच्या समुद्रात येऊन थांबली होती आणि भारतीय ताफ्याच्या हालचाली तिने ऐकल्या होत्या, पण तेव्हा हल्ल्याची परवानगी नव्हती. पुढे तिच्या संदेशांवरून काठियावाडच्या किनाऱ्याजवळ पाणबुडी असल्याचा सुगावा लागला आणि मुंबईहून ‘खुकरी’ व तिच्या जोडीची ‘किरपाण’ ही फ्रिगेट यांना तिच्या शोधासाठी धाडण्यात आले. या नौकांचे सोनार ‘दाफ्ने’च्या मानाने जुने होते. ‘खुकरी’वर सोनारची पोच वाढवणाऱ्या एका उपकरणाची चाचणीही चालू होती आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. वेग कमी केला की सोनारला अधिक ऐकू येते हे खरेच, पण मंद चालणारी नौका पाणतीराला सोपी सापडते. विज्ञानाच्या दृष्टीने समर्थनीय असलेला हा प्रयोग प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात करावा लागला, याची हळहळ आजही वाटते.

‘हंगोर’चे कप्तान कमांडर अहमद तसनीम यांनी अंधारामुळे पेरिस्कोपचा नाद सोडला आणि पाण्याखाली राहून केवळ सोनारच्या आधारे नेम साधला. ‘किरपाण’वर सोडलेला पहिला पाणतीर फुटलाच नाही, दुसऱ्याने ‘खुकरी’ला गाठले. नौकेच्या तळाखाली होणारा स्फोट बाजूने बसणाऱ्या धडकेपेक्षा अधिक घातक असतो, कारण वायूचा प्रचंड बुडबुडा आधी नौकेचा मधला भाग वर उचलतो आणि तो आकसताच खालचा आधार नाहीसा होऊन तिचा कणाच मोडतो. ‘खुकरी’ काही मिनिटांतच दिसेनाशी झाली. ‘कछाल’ या नौकेने 67 जणांना वाचवले. भारतीय नौदलाने पुढे कित्येक दिवस ‘हंगोर’चा माग काढला, पण ती कराचीला पोहोचली.

हीच ‘दाफ्ने’ तिच्या स्वतःच्या खलाशांवरही उलटली होती. बॅटरी भरायची तर डिझेल इंजिन चालवावे लागते आणि इंजिनाला हवा लागते. ती पाण्याबाहेर काढलेल्या स्नॉर्केल नावाच्या नळीतून घेतली जाते आणि लाट वर आली की नळीचे तोंड झडपेने बंद होते. जानेवारी 1968 मध्ये खवळलेल्या समुद्रात फ्रान्सच्या तुलाँ बंदराजवळ याच वर्गातील फ्रेंच पाणबुडी ‘मिनर्व्ह’ 52 जणांसह नाहीशी झाली, तर मार्च 1970 मध्ये तिच्याच वर्गातील ‘युरिदीस’ 57 जणांसह. दोन्ही अपघातांचे कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही, तरी संशय स्नॉर्केल आणि सुकाणूच्या यंत्रणेभोवती फिरत राहिला. ‘मिनर्व्ह’चे अवशेष सापडायला 2019 साल उजाडले, तेही सुमारे 2370 मीटर खोलीवर. ‘हंगोर’ मात्र 2006 पर्यंत सेवेत राहिली आणि आता ती कराचीच्या सागरी संग्रहालयात उभी आहे. दीवच्या समुद्राकाठी ‘खुकरी’चे स्मारक आहे.