रावेरच्या केळीचं खोकं आणि दोन देशांचा कागद

रावेर-सावद्याच्या पॅकहाऊसमधून परदेशी निघालेली केळी १३-१४ अंश तापमानात, ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत प्रवास करतात. ही हवा केळीला मानवते, पुठ्ठ्याला नाही. कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले सेल्युलोजचे तंतू. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध ओलाव्याने सैल होतात आणि एरवी भक्कम असलेलं खोकं थप्पीच्या तळाशी दबतं. म्हणून अशा खोक्याला लांब तंतू हवा. स्प्रूस, पाइन या सूचिपर्णी झाडांचा तंतू सुमारे ३ मिलिमीटर लांब असतो, निलगिरीचा जेमतेम १ मिलिमीटर. रद्दीतला तंतू दर फेरीत तुटतो, वाळताना ताठर होतो आणि पाच-सात फेऱ्यांत निकामी होतो.

असा तंतू विकणारा फिनलंड आणि तो विकत घेणारा चीन यांच्या कागद-व्यापाराची तुलना या तंतूच्या मागे जाऊनच करायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. आंतरराष्ट्रीय सीमाशुल्क वर्गीकरणात कागद-पुठ्ठा ४८व्या प्रकरणात येतो, लगदा आणि रद्दी ४७व्या प्रकरणात. नेहमीचे आलेख फक्त ४८चे, तेही डॉलरमध्ये काढलेले असतात. टन घटले पण भाव त्याहून जास्त चढला, तर ती रेषा वर जाते.

फिनलंड आपल्या कागद-पुठ्ठ्यातला ९० टक्क्यांहून अधिक माल निर्यात करतो. पण जगाने वर्तमानपत्रं आणि मासिकं पडद्यावर वाचायला घेतली आणि छपाईच्या कागदाची मागणी आटली. कायपोलाची गिरणी २०२०च्या अखेरीस बंद झाली, वेइत्सिलुओतोची २०२१मध्ये. (वृत्तपत्री कागदासाठी उभ्या राहिलेल्या, भुसावळ-खंडवा मार्गावरच्या आपल्या नेपानगरच्या गिरणीनेही मोठी उतरती कळा पाहिली.) नुसती ४८ची रेषा पाहिली तर फिनलंडचा उद्योग बुडाला असं वाटेल. प्रत्यक्षात औलूच्या गिरणीने छपाईचा कागद सोडून पुठ्ठ्याचा कागद काढायला घेतला आणि २०१७मध्ये आनेकोस्कीला लगद्याचा प्रचंड कारखाना सुरू झाला. तिथला लांब तंतूचा लगदा मोठ्या प्रमाणात चीनला जातो. ४८मधून गेलेलं बरंच काही ४७मध्ये सापडतं.

चीनची गोष्ट उलट्या दिशेने जाते. कागद उत्पादनात तो जगात पहिला, पण त्याला लाकूड पुरत नाही. २०१२च्या सुमारास तो वर्षाला जवळपास ३ कोटी टन रद्दी बाहेरून आणत होता. अमेरिकेत माल पोचवून रिकामे परतणारे कंटेनर तिथली रद्दी स्वस्तात घेऊन येत. २०१८पासून त्याने रद्दीवर निर्बंध आणले आणि १ जानेवारी २०२१पासून तिची आयात पूर्ण थांबवली. आकडा शून्यावर आला, तंतूची भूक मात्र तेवढीच राहिली. तोच तंतू आता रद्दीपासून केलेल्या लगद्याच्या आणि तपकिरी कागदाच्या रिळांच्या रूपात येऊ लागला. रद्दीचा क्रमांक ४७०७, तिच्या लगद्याचा ४७०६. कागद झाला की तो थेट ४८व्या प्रकरणात जातो.

ही रिळं पुरवणाऱ्यांत भारतातल्या गिरण्याही होत्या. त्यामुळे २०२०-२१मध्ये आपल्याकडे हा तपकिरी क्राफ्ट कागद झपाट्याने महागला आणि खोकी बनवणारे छोटे कारखानदार हैराण झाले. कंटेनरची टंचाई आणि रद्दीचे चढे दर ही कारणंही होतीच. पण केळीच्या पेटीचा खर्च का वाढला हे जळगाव जिल्ह्यातल्या उत्पादकाला समजून घ्यायचं असेल, तर चीनच्या ४७ आणि ४८ या दोन्ही प्रकरणांचे टन, वर्षागणिक, शेजारी शेजारी मांडून पाहावे लागतील.