ऑइलचा लाल दिवा लागला? आधी गाडी बंद करा, मग आम्हाला फोन करा

दादा, ताई, चालत्या गाडीत डॅशबोर्डवरचा तो लाल ऑइलच्या डब्याचा दिवा लागला ना, तर "चाळीसगावपर्यंत तर जाऊ, मग बघू" असं करू नका. बाजूला घ्या अन् इंजिन बंद करा. तो दिवा ऑइलचं प्रेशर गेल्याचा असतो, म्हणजे इंजिनच्या आत फिरणाऱ्या क्रँकच्या बेअरिंगला ऑइल पोचत नाहीये, तशीच दहा किलोमीटर हाणली तर इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) पुसून परत बघा. खालच्या खुणेच्या खाली असेल तर पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच ऑइल भरा, आणि दिवा गेला तरी गाडी दाखवा, कारण ऑइल गेलं कुठं हे शोधावंच लागतं. पट्टीवर चहासारखं दुधाळ दिसलं तर कूलंट मिसळलंय, पेट्रोल-डिझेलचा वास आला तर ऑइल पातळ झालंय. मग सेल्फ मारूच नका.

ऑइल बरोबर असेल तर आम्ही प्रेशर स्विच (हाच तो दिवा लावतो) काढून त्याच जागी प्रेशर मोजायचं गेज लावतो, इंजिन पूर्ण गरम करून, थंड इंजिनचा आकडा फसवा असतो. ढोबळ हिशोब 1000 आरपीएममागे 10 पीएसआय (प्रेशरचं माप), पण खरा आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. गेजवर प्रेशर चांगलं असेल तर स्विच नाहीतर वायर खराब, स्वस्तात सुटलात. आणि हो, बऱ्याच गाड्यांत दिवा प्रेशर पार 5-7 पीएसआयवर आल्यावरच लागतो, त्यामुळे दिवा नाही म्हणजे सगळं ओके असं समजू नका.

गेजवरही कमी आलं तर आधी फिल्टर बघतो, मग रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) अन् चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं. आपल्याकडे केळीच्या बागेत जाणारे रस्ते कसे आहेत माहितीय ना, दगडावर चेंबर आपटून पिचतं, आतली जाळी दाबली जाते आणि पंपाला ऑइलच ओढता येत नाही, बाहेरून मात्र एक थेंब गळत नाही! म्हणून आम्ही आधी गाडीखाली वाकून बघतो. ऑइल वेळेवर बदललं नसेल तर हीच जाळी काळ्या गाळानं भरते.

मे महिन्यात पारा 45 ला टेकला की एक तक्रार हमखास येते, सिग्नलला दिवा मिणमिणतो, रेस दिली की जातो. ऑइल पातळ झालेलं असतं, नाहीतर पंप किंवा बेअरिंग झिजलेलं. यावर जाड 20डब्ल्यू50 ओतून दिवा घालवणारे खूप आहेत, दिवा जातो पण झीज तिथंच राहते (सेकंडहँड गाडी घेताना हे ध्यानात ठेवा भाऊ).

इंजिन खोलायचा खर्च मोठा असतो. गेजचा आकडा स्वतःच्या डोळ्यानं बघितल्याशिवाय कोणालाच इंजिन खोलू देऊ नका, आम्हाला पण नाही. गाडी टोचन करून आणा, आणि मागचं ऑइल किती किलोमीटरला बदललं ती चिठ्ठी सोबत असू द्या.