न घडलेल्या वर्षाचा हिशेब

१ जून २०१८. कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन. तिथल्या कॅपिटॉलसमोरच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीसमोरच्या फरसबंदीवर लोक सकाळपासून पादत्राणं आणून ठेवत होते. उंच टाचांच्या चपला, घरात घालायच्या सपाता, लहान मुलांचे बूट. काहींमध्ये चिठ्ठी खोचलेली, तिच्यावर गेलेल्या माणसाचं नाव. मारिया वादळात आमचं माणूस गेलं आणि सरकार ते मोजत नाही, एवढंच त्यांना सांगायचं होतं. सरकारी आकडा त्या दिवशीही ६४ होता. समोर मांडलेले जोड त्याच्या कितीतरी पट होते.

मारिया येऊन तेव्हा आठ महिने उलटले होते. २० सप्टेंबर २०१७ च्या पहाटे ते याबुकोआजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग होता ताशी सुमारे २५० किलोमीटर. दोनच आठवड्यांपूर्वी इर्मा वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेलं होतं आणि लाखो घरांची वीज घालवून गेलं होतं. मारियाने उरलीसुरली सगळी घालवली. क्षेत्रफळाने आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडं मोठं, तेहतीस-चौतीस लाख वस्तीचं हे बेट एका दिवसात पूर्ण अंधारात गेलं. शेवटच्या घरात वीज परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले.

मरण वाऱ्यात कमी होतं आणि या अकरा महिन्यांत जास्त होतं. म्हणूनच ते मोजायला इतकं अवघड गेलं.

एक साधं उदाहरण घेऊ. डोंगरातल्या एका गावात फुप्फुसांच्या जुन्या आजाराची एक आजी आहे. ती ऑक्सिजनच्या मशीनवर असते आणि मशीन विजेवर चालतं. वादळानंतर शेजाऱ्याच्या जनरेटरवर ते रोज काही तास चालतं, पुढे डिझेल संपतं. रस्त्यावर दरड आहे, फोन लागत नाही. सहाव्या आठवड्यात आजी जाते. डॉक्टर दाखला लिहायला बसतात. जगभर हा दाखला साधारण एकाच साच्याचा असतो. पहिल्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण, खालच्या ओळींत ते कशामुळे उद्भवलं आणि त्याच्याही मुळाशी काय होतं. आपल्याकडच्या ‘फॉर्म ४’मध्येही याच ओळी आहेत. डॉक्टर लिहितात, श्वसनक्रिया बंद पडून मृत्यू, मूळ कारण फुप्फुसाचा जुना आजार. यात खोटं काहीच नाही, पण वादळही कुठेच नाही.

अशा मृत्यूंना अप्रत्यक्ष मृत्यू म्हणतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सूचनांनुसार ते वादळाच्या खात्यात धरायचे असतात. मात्र त्यासाठी दाखल्यावर तसं लिहावं लागतं, आणि ते कसं लिहायचं हे पोर्तो रिकोतल्या बहुतेक डॉक्टरांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. म्हणून ६४ हा आकडा खोटेपणातून आला असं मी म्हणणार नाही. तो त्या साच्यातून आला. पुढे राजकारण्यांनी त्याला कवटाळलं, ती वेगळी गोष्ट.

मग हे मृत्यू मोजायचे कसे? लोकसंख्याशास्त्राकडे यासाठी एक जुनी रीत आहे. एकेका मृत्यूचं कारण शोधत बसायचं नाही. एकूण किती माणसं गेली ते मोजायचं आणि वादळ आलंच नसतं तर किती गेली असती, याचा अंदाज त्यातून वजा करायचा. उरतात ते ‘जादा मृत्यू’. पोर्तो रिकोत एरवी दिवसाला साधारण ८० माणसं दगावतात. म्हातारपण, कर्करोग, अपघात, सगळं धरून. मागच्या काही वर्षांचे सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर पाहिले, की या वर्षीचे ते महिने कसे गेले असते हे बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. वादळ न आलेलं २०१७ हे वर्ष कुणीच जगलेलं नाही. तरी सगळा हिशेब त्या काल्पनिक वर्षाशी ताडूनच होतो. मला या शास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. जे घडलंच नाही त्याची इतकी काटेकोर कल्पना करायची, की जे घडलं त्याचं माप घेता यावं.

नोव्हेंबर २०१७ मध्येच दोन अभ्यासकांनी याच रीतीने हजाराच्या वर जादा मृत्यू दाखवले होते. सरकारचा आकडा तरीही हलला नाही.

मे २०१८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी नोंदवह्या बाजूला ठेवून घरोघरी जायचं ठरवलं. बेटावरची ३,२९९ घरं यदृच्छेने निवडली आणि विचारलं, तुमच्या घरातलं कुणी गेलं का, केव्हा, कशाने? वादळापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा मृत्युदर त्यांना वर्षाला दर हजारी १४.३ आढळला. आदल्या वर्षी याच काळात तो ८.८ होता. या फरकाला लोकसंख्येने गुणलं, की येतात ४,६४५ जादा मृत्यू. यातले साधारण एक तृतीयांश मृत्यू उपचार लांबल्याने किंवा मिळालेच नसल्याने झाले, असं घरच्यांनी सांगितलं. शंभरातल्या चौदा घरांत कुणाला ना कुणाला औषधं मिळाली नव्हती. डिसेंबरअखेरपर्यंत एका घराने सरासरी ८४ दिवस विजेविना आणि ६८ दिवस पाण्याविना काढले होते.

४,६४५ हा आकडा भिंतींवर लिहिला गेला, मोर्चांचे फलक त्याने भरले. अभ्यासातली पुढची ओळ मात्र फार थोड्यांनी वाचली. खरा आकडा ७९३ ते ८,४९८ यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं होतं. एवढी रुंद कक्षा का? शितावरून भाताची परीक्षा होते, ती सगळा भात एकसारखा शिजतो म्हणून. मृत्यू तसा सारखा पसरलेला नसतो. त्या तीन हजारांवर घरांत वादळानंतरचे मृत्यू निघाले अवघे ३८. त्यात चार-पाच इकडेतिकडे झाले, तरी बेटभराचा आकडा हजाराच्या वर हलतो. ही कक्षा सांगणं हा अभ्यासाचा प्रामाणिकपणा होता. पण संतापलेल्या माणसाला एकच आकडा हवा असतो, आणि ज्याला जबाबदारी झटकायची आहे त्याला ती कक्षाच पुरते.

ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटाचा अहवाल आला. त्यांनी मृत्यूंची सगळी अधिकृत नोंद घेतली आणि एक गुंता सोडवला. वादळानंतर लोक बेट सोडून फ्लोरिडाकडे, न्यूयॉर्ककडे निघाले होते. फेब्रुवारीपर्यंत लोकसंख्या सुमारे आठ टक्क्यांनी घटली. माणसं कमी झाली तर मृत्यूही कमी व्हायला हवेत. म्हणजे मृत्यूंचा नुसता आकडा आदल्या वर्षाएवढाच राहिला, तरी प्रत्यक्षात मरण वाढलेलं असतं. हे घटणं हिशेबात धरल्यावर सप्टेंबर ते फेब्रुवारी या सहा महिन्यांचे जादा मृत्यू निघाले २,९७५. गरीब नगरपालिकांमध्ये धोका सर्वांत जास्त होता. पासष्टीपुढच्या पुरुषांचा धोका तर फेब्रुवारीपर्यंत उतरलाच नव्हता. सरकारने हा आकडा मान्य केला. ६४ वरून एका दिवसात २,९७५.

आता राजकारणाकडे वळायलाच हवं. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. पण बेटावर राहत असताना त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही आणि काँग्रेसमधल्या, म्हणजे अमेरिकी संसदेतल्या, त्यांच्या प्रतिनिधीला मताचा पूर्ण अधिकार नाही. ३ ऑक्टोबर २०१७ रोजी डोनाल्ड ट्रम्प बेटावर आले, तेव्हा मृतांचा आकडा १६ होता. त्यांनी त्याची तुलना २००५ च्या कत्रिना वादळाशी केली. सूर असा होता, की खरी आपत्ती ती. त्याच संध्याकाळी आकडा ३४ झाला. वर्षभराने, २,९७५ जाहीर झाल्यावर, त्यांनी ट्विटरवर लिहिलं की तीन हजार माणसं मेलीच नाहीत. कुणी म्हातारपणानेही गेलं तरी त्याला यादीत टाकलं, हा आपल्याला वाईट ठरवण्यासाठी विरोधकांनी केलेला खेळ आहे.

हा आक्षेप अनेकांना पटला, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. म्हातारपणाने जाणारी माणसं त्या काल्पनिक वर्षात आधीच मोजलेली असतात. दिवसाच्या त्या ८० मध्ये ती आहेत आणि वजाबाकीत ती निघून जातात. २,९७५ म्हणजे त्यांच्यावरची माणसं. शिवाय या रीतीत यादी नसतेच, त्यामुळे कुणाला यादीत घुसवता येत नाही. तिचा दोष नेमका उलटा आहे. ती किती गेले ते सांगते, कोण गेलं ते सांगू शकत नाही. त्या आजीच्या नातवाने विचारलं, की माझी आजी या २,९७५ मध्ये आहे का, तर या शास्त्राकडे उत्तर नाही. म्हणूनच लोक चपला-बूट घेऊन आले असावेत, असं मला वाटतं.

जुलै २०१९ मध्ये तिथल्या शोधपत्रकारांच्या केंद्राने गव्हर्नर, म्हणजे बेटाच्या सरकारचे प्रमुख, रिकार्दो रोसेयो आणि त्यांच्या निकटवर्तीयांच्या टेलिग्राम गटातले संवाद प्रसिद्ध केले. पूर्ण ८८९ पानं. त्यात विरोधकांना शिव्या होत्या, बायकांबद्दल घाणेरडी भाषा होती आणि प्रेतांवरून केलेली थट्टाही होती. घरातलं माणूस गमावलेल्यांनी ती पानं मोबाइलवर वाचली. पुढचे बारा दिवस रस्ते माणसांनी भरून वाहत होते. २४ जुलैच्या रात्री रोसेयोंनी राजीनामा जाहीर केला. लोक एवढे चिडले याला इतरही कारणं होती, भ्रष्टाचार होता, कर्जबाजारीपणा होता. पण आपल्या मेलेल्यांना आधी मोजलं नाही आणि वर त्यांच्यावर हसले, ही जखम त्या गर्दीत सर्वांत खोल होती असं मी मानतो.

जादा मृत्यू हा शब्द आपल्याकडे कोविडमध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा अंदाज दिला, सुमारे ४७ लाख. सरकारी आकडा सुमारे ४.८ लाखांचा होता. केंद्र सरकारने अंदाजाच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. आपल्याकडे अडचण आणखी खोल आहे. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांच्या बाबतीत दाखल्यावरच्या त्या ओळी भरल्याच गेल्या नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा माझी मामी श्रीवर्धनच्या बाजूला होती. पत्रे उडाले, पोफळीची बाग आडवी झाली, वीज गेली ती कित्येक आठवडे आली नाही. मामीला इन्सुलिन लागतं. फ्रिज बंद. तिने कुपी प्लास्टिकच्या डबीत घातली, डबीला ओलं फडकं गुंडाळलं आणि माठाच्या बुडाशी वाळूत खोचली. दिवसातून तीनदा फडकं भिजवायचं, एवढंच काम तिने महिनाभर नेमाने केलं. ती सुखरूप राहिली. तेव्हापासून वादळाचा आकडा वाचताना मला ती डबी दिसते. फडकं भिजवायला जिच्या घरात कुणी नसेल, ती बाई कुठल्या रकान्यात जाईल?

आणि हे किती काळ चालतं? ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात रेचल यंग आणि सॉलोमन शियांग यांचा अभ्यास आला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर १९३० ते २०१५ या काळात आलेली ५०१ वादळं त्यांनी तपासली. सरकारी नोंदीत एका वादळामागे सरासरी २४ मृत्यू आहेत. त्यांच्या हिशेबाने एक सरासरी वादळ ७,००० ते ११,००० जादा मृत्यू घडवतं आणि ते वादळानंतर पंधरा वर्षांपर्यंत होत राहतात. घर उभारण्यात साठवण संपते, मग औषधोपचार पुढे ढकलले जातात, मुलं कामासाठी गाव सोडतात, नगरपालिकेचं उत्पन्न घटतं. कारणांची ही साखळी अजून पुरती सिद्ध झालेली नाही, संशोधकही ती शक्यता म्हणूनच मांडतात. पण एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबलो. जादा मृत्यूंमध्ये एक वर्षाच्या आतली बाळंही आहेत, आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा वादळाच्या दिवशी गर्भही राहिलेला नव्हता.

पोर्तो रिकोत काही लोकांनी न घडलेल्या वर्षाची कल्पना पुढच्या दिशेनेही केली आहे. डोंगरातल्या आदहुंतास गावात कासा पुएब्लो नावाची संस्था १९९९ पासून सौर विजेवर चालते. मारियानंतर सगळं गाव अंधारात असताना तिच्या इमारतीत दिवे होते आणि श्वसनाची उपकरणं चार्ज करायला माणसं तिथे येत होती. मार्च २०२३ मध्ये त्या गावच्या बाजारपेठेत लोकांच्या मालकीची सौर मायक्रोग्रिड, म्हणजे स्वतंत्रपणे चालू शकणारं छोटं वीजजाळं, सुरू झाली. त्याच्या सहा महिने आधी, १८ सप्टेंबर २०२२ ला, फियोना वादळाने सगळं बेट पुन्हा अंधारात टाकलं होतं.

मुख्य बेटाच्या पूर्वेला व्हिएकेस नावाचं छोटं बेट आहे. तिथलं एकमेव रुग्णालय मारियाने निकामी केलं आणि तिथली डायलिसिसची सोय बंद झाली. त्यानंतर तिथले रुग्ण आठवड्यातून तीनदा छोट्या विमानाने समुद्र ओलांडून मुख्य बेटावर जात, काही तास मशीनला जोडलेले राहत आणि त्याच दिवशी परतत. २,९७५ हा आकडा देणाऱ्या अभ्यासाचे सहा महिने फेब्रुवारी २०१८ मध्ये संपले. या रुग्णांच्या फेऱ्या त्यानंतरही चालूच होत्या.