इंग्रजी वाक्प्रचार : मुंबईतला वापर

सुट्या शब्दांचा अर्थ बाजूला राहून सगळ्यांचा मिळून वेगळाच अर्थ होतो, अशा रूढ शब्दसमूहाला वाक्प्रचार म्हणतात. त्यातला शब्द बदलता येत नाही. मराठीत नाकी नऊच येतात, आठ किंवा दहा नाहीत. इंग्रजी मुसळधार पावसातही (‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’) आधी ‘कॅट्स’, मग ‘डॉग्ज’. मुंबईत हे वाक्प्रचार छापखान्यातून, मैदानातून आणि कचेरीतून आले, आणि ज्या वाटेने आले तसे ते मराठीत वागतात.

छापखान्याची वाट सर्वांत जुनी. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत असे. पुढे वृत्तपत्री मराठीला असा शेजार अंगवळणीच पडला. ‘सिंहाचा वाटा’, ‘पांढरा हत्ती’, ‘हिमनगाचे टोक’ ही भाषांतरे आहेत हे आज सांगावे लागते. दादरच्या चौपाटीवरून हिमनग कुणाला दिसलेला नाही, तरी उघडकीस आलेला प्रत्येक घोटाळा हिमनगाचे टोकच असतो. ‘लालफीत’ मात्र खरीच होती. ब्रिटिश कारभारात कागदांचे गठ्ठे तांबड्या फितीने बांधून ठेवत. आणि ‘ग्रीन लाइट’चा ‘हिरवा कंदील’ झाला तो रेल्वेच्या गार्डाच्या हातातला. 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली त्या शहरात तो कुणाला समजावून सांगावा लागला नसणार.

मैदानावरून आलेले वाक्प्रचार भाषांतराच्या भानगडीत पडलेच नाहीत. सरकार ‘बॅकफूटवर’ जाते, पत्रकार ‘गुगली’ टाकतो, गणिताचा तास ‘बाउन्सर’ जातो. शिवाजी पार्कावर रविवारी एकात एक घुसलेले सामने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे मराठीच वाटते. मात्र ‘स्टिकी विकेट’ हा प्रयोग जपून करावा. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत. ती पावसात भिजली आणि वर ऊन पडले की चेंडू कसाही उसळे, फलंदाजाची त्रेधा उडे. म्हणून अर्थ ‘अवघड परिस्थिती’. ऐरोली-मालाडच्या कार्यालयांतून अमेरिकेशी बोलताना तो टाकला तर पलीकडे शांतता पसरते. त्यांचे वाक्प्रचार बेसबॉलचे. ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणे, ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा. ‘टेबल’ हे क्रियापद तर सरळ उलटे फिरते. ब्रिटिश इंग्रजीत, आणि म्हणून आपल्याकडे, प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला मांडणे. विधिमंडळात कागद ‘पटलावर’ ठेवतात ते यातलेच. अमेरिकेत त्याचा अर्थ प्रस्ताव बाजूला ठेवणे असा होतो.

शाळेत वाक्प्रचार तीन रकान्यांत शिकवतात: वाक्प्रचार, अर्थ, वाक्यात उपयोग. हुतात्मा चौकाच्या पदपथावरची जुनी गाइडे उघडावीत, रकाने तेच. त्यातून अर्थ पक्का होतो, पण पायरी कळत नाही, आणि खरी फजिती तिथेच होते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, हे पाठ असते. पण त्याची जागा ‘गचकणे’च्या शेजारी आहे, ‘देवाज्ञा होणे’च्या नाही. शोकसंदेशात तो लिहिणे म्हणजे दहाव्याला जाऊन ‘तुमचे वडील कधी गचकले?’ असे विचारणे. तिथे ‘पास्ड अवे’. आणि ‘पास्ड आउट’ही नाही, कारण त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे. आपण मात्र कॉलेजातून खुशाल ‘पास आउट’ होतो. नवख्याने एक मराठी जोड शोधून ती त्याच पायरीवरची आहे का ते पाहावे. ‘पीस ऑफ केक’ला ‘हातचा मळ’, ‘बीटिंग अराउंड द बुश’ला ‘आढेवेढे घेणे’.

‘वन्स इन अ ब्लू मून’ची जोड ‘सठीसहामाशी’. एकाच इंग्रजी महिन्यात आलेल्या दुसऱ्या पौर्णिमेला ‘ब्लू मून’ म्हणतात. हा अर्थ विसाव्या शतकात रुळला, वाक्प्रचार त्याच्या आधीचा. गंमत अशी की ही पौर्णिमा 19 वर्षांत साधारण 7 वेळा येते, आणि आपला अधिक मासही 19 वर्षांत 7 वेळा. चांद्र आणि सौर वर्षांतला फरक तोच. त्या शिलकीतून इंग्रजांना दुर्मीळ चंद्र मिळाला आणि आपल्याला दुष्काळात तेरावा महिना.

कचेरीतले काही प्रयोग आता इथलेच. ‘डू द नीडफुल’, म्हणजे आवश्यक ते करावे, एकेकाळी ब्रिटनमध्येही चाले. तिकडे मागे पडला, फोर्टातल्या पत्रांत टिकला. ‘रिव्हर्ट’ आपल्याकडे उत्तर देणे, मूळ अर्थ पूर्वस्थितीला येणे. ‘आउट ऑफ स्टेशन’मधले स्टेशन म्हणजे साहेबाच्या नेमणुकीचे ठिकाण, पण मुंबईकराच्या डोळ्यांसमोर फलाटच उभा राहतो, मग तो एस.टी.ने का गावाला जाईना. अगदी अलीकडचा म्हणजे ‘कॉल घेणे’, अर्थात निर्णय घेणे. ‘यावर तुम्हीच कॉल घ्या,’ असे साहेब म्हणाले, की ठरवायचे आहे की उचलायचा आहे, हे टेबलावरचा फोन वाजतोय का ते पाहून समजायचे.