तिवरांवरची अळी आणि पन्नास मीटरचा पट्टा

पावसाळा सरता सरता ठाणे खाडीकाठची तिवरं, म्हणजे कांदळवनातली खारफुटीची झाडं, काही वर्षी एकाएकी वाळून गेल्यासारखी दिसतात. मग कुणीतरी विष घातल्याची तक्रार होते. भराव टाकून, भरतीचं पाणी अडवून इथली कांदळवनं मारली गेली आहेत, त्यामुळे हा संशय स्वाभाविकच. जवळ गेल्यावर मात्र शिरांची जाळी उरलेली पानं दिसतात. हे काम अळीचं. ती पानाची कड कातरते, तुकडा दुमडून रेशमाच्या धाग्याने चिकटवते आणि त्या घडीत दडून बसते. तिचा पतंग पंख मिटून बसला की सुक्या पानात मिसळून जातो. उडाला की मागच्या काळपट पंखांवरचे नारिंगी पट्टे दिसतात.

हायब्लिया प्युएरा या नावाच्या या पतंगाचं शास्त्रीय वर्णन १७७७ मध्ये झालं आणि पुढे तो प्रसिद्ध झाला तो सागाची पानं फस्त करणारा म्हणून. तिवरांवरच्या त्याच्या नोंदी त्या मानाने अलीकडच्या. सागाच्या जंगलातली सवय इथेही आली आणि फवारणीची मागणी होऊ लागली. पण खाडीत फवारलेलं औषध ओहोटीबरोबर चिंबोऱ्या, निवट्या आणि कोलंबीपर्यंत जाणार. तिवराला तर काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. फवारणी न करणंच शहाणपणाचं.

पतंग आजही विपुल आहे. धोका आहे तो तिवरांना, आणि त्यातला सगळ्यात गुंतागुंतीचा वाद पन्नास मीटरच्या पट्ट्याचा.

जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतर मिठी नदीच्या मुखाशी काय काय बुजवलं गेलं, यावर शहर पहिल्यांदा मोठ्याने बोललं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली आणि त्याच्या चहूबाजूंनी पन्नास मीटरच्या आत बांधकाम करायला, राडारोडा टाकायलाही मनाई केली. जमीन सरकारी की खासगी, हा भेद त्यात नव्हता. महत्त्वाचं तेच होतं, कारण भराव आधी या काठावरच पडतो. डंपर रात्री येतात, माती टाकतात, भरतीचं पाणी आत यायची वाट बुजते आणि कुऱ्हाड न लागताही झाडं मरतात. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती हा पट्टा आला. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने मात्र खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला तो लागणार नाही असं म्हटलं. याआधी चारच महिने, सप्टेंबर २०१८ मध्ये, कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला असल्याचं याच न्यायालयाने सांगितलं होतं. खाडीला सातबारा कळत नाही. भरतीचं पाणी खासगी प्लॉटमधूनच सरकारी तिवरांपर्यंत पोचत असेल, तर ही सवलत दोन्हींच्या मुळावर येते.

२०१५ मध्ये ठाणे खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. त्याच २०२२ च्या डिसेंबरात बुलेट ट्रेनसाठी सुमारे बावीस हजार कांदळवृक्ष तोडायला परवानगी मिळाली. मूळ मागणी पन्नास हजारांच्या वरची होती. बदल्यात पाचपट लागवडीची हमी आहे, पण रोपं कुठे लागणार आणि तिथे भरतीचं पाणी येणार का, यावरच त्यांचं जगणं ठरेल.